फुकटच्या सॉफ्टवेअरचा उत्पादन खर्च

जिल्हा कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत कापसाचा विषय संपला, चहा आला आणि चहाबरोबर एक ठराव आला. संघटनेच्या निधीला मदत करणाऱ्या सगळ्यांची नावे, पत्ते, रकमा आणि पावत्या ठेवण्यासाठी कार्यालयात देणगीदारांचे सॉफ्टवेअर बसवावे, असा तो ठराव. मांडणारा आपल्याच एका जुन्या कार्यकर्त्याचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, सुट्टी काढून आला होता, मनापासून बोलत होता. कंपनी परदेशी आहे, देशोदेशीच्या सेवाभावी संस्था तिचे सॉफ्टवेअर वापरतात आणि पहिले वर्ष फुकट आहे, असे त्याने सांगितले. 'फुकट' म्हटल्याबरोबर निम्मे हात वर झाले. तासाभरापूर्वी याच हातांनी, आम्हाला फुकट काही नको, मालाचा भाव द्या, या ठरावाला पाठिंबा दिला होता!

आम्ही तो ठराव पुढच्या बैठकीवर टाकला. त्यावर काही तरुण मित्र नाराज झाले. जग कुठे गेले आणि आपण अजून पावतीपुस्तकात अडकलो आहोत, असे एकाने तोंडावर सांगितले. ही नाराजी आम्हाला समजते. म्हणून या अंकाचा अग्रलेख कापसावर नाही, ज्वारीवरही नाही. आपल्या कार्यालयातल्या टेबलावर काय ठेवायचे, यावर आहे. विषय किरकोळ वाटेल. पण पैसा कुणाचा, यादी कुणाची आणि हिशेब द्यायचा कुणाला, हे तिन्ही प्रश्न त्याच्या पोटात आहेत.

आधी आपल्या घरातले झाकून ठेवायला नको. पावतीपुस्तकांचा आपला कारभार मिरवावा असा नाही. मेळाव्याच्या आधी पुस्तके वाटली जातात. मेळावा संपला की निम्मी परत येतात. उरलेली कुणाच्या बंडीत, कुणाच्या मोटारसायकलच्या डिकीत, आणि एक तर उंदरांनी खाल्लेले आम्ही स्वतः पाहिले. स्थळप्रतीवरचा कार्बन इतका पुसट, की आकडा पन्नास आहे की पाचशे, हे देणाऱ्यालाच विचारावे लागते. दुष्काळी निधीला ज्यांनी ज्वारीच्या पायल्या दिल्या, त्यांच्याकडे वर्षभर कुणी फिरकले नाही. पुढच्या साली त्याच दारात पुस्तक घेऊन आम्ही उभे राहिलो तेव्हा एका म्हातारीने विचारले, "मागच्या जवारीचं काय केलं रे बापू?" ती ज्वारी कोणत्या गावाला गेली, किती घरांना वाटली, हे आम्हाला पाठ होते. पण तिला ते कुणी सांगितलेच नव्हते. ती रागावली नाही, पायली पुन्हा दिली. आम्हाला मात्र तो प्रश्न अजून टोचतो.

तेव्हा रोग खरा आहे. औषध आणले आहे म्हणून ते फवारायचे, असे मात्र होत नाही. आधी कीड कोणती, नुकसानीची पातळी कोणती आणि फवारणीचा एकरी खर्च किती, हे विचारायचे. कृषी पदवी घेऊन आम्ही वीस वर्षे गावोगाव हेच सांगत फिरलो. कार्यालयाला वेगळा नियम कशाला?

उत्पादन खर्च कसा काढतात, हे या वाचकांना शिकवण्याची गरज नाही. कृषिमूल्य आयोगाच्या कागदावर त्याचे मजले आहेत. बियाणे, खत, औषध, लावलेली मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे ए-टू. घरची माणसे राबतात त्यांची मजुरी त्यात मिळवली की ए-टू अधिक एफएल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरले की सी-टू. २०१८ च्या अंदाजपत्रकात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा ती ए-टू अधिक एफएलवर निघाली, सी-टूवर नाही. यावरून आपण केवढे रान उठवले! आमच्या बायकापोरांचे श्रम आणि आमची जमीन फुकट धरता काय, असे आपण सरकारला विचारले. आता सॉफ्टवेअरच्या बाबतीत तेच करायला आपण निघालो आहोत. विकणारा जो आकडा सांगतो तो ए-टूसुद्धा नाही, ती नुसती बियाण्याच्या पिशवीवर छापलेली किंमत आहे. बाकीची बेरीज आपली आपण करायची.

रोखीचा भाग लवकर सांगून होतो. दुसऱ्या वर्षापासून भाडे सुरू. ते बहुधा यादीत नावे किती किंवा वापरणारे किती, यावर ठरते. म्हणजे संघटना वाढली की भाडे वाढले. जुन्या नोंदी चढवून देण्याचे वेगळे, शिकवण्याचे वेगळे, ऑनलाइन आलेल्या रकमेवर मध्यस्थाची कपात वेगळी. वर १८ टक्के जीएसटी, आणि आपण काही विकत नाही म्हणून तो पुढे कुणाकडून वळता करून घेण्याची सोय नाही. बिल डॉलरमध्ये येणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना तो ८५ च्या वर गेला. तेवढ्या काळात कंपनीने एक सेंटही दर वाढवला नसता, तरी आपले बिल जवळजवळ दुप्पट झाले असते.

आता फुकटाबद्दल. सेल्सफोर्स ही अमेरिकेतली मोठी कंपनी सेवाभावी संस्थांना वर्षानुवर्षे दहा जणांच्या वापराचे परवाने विनामूल्य देत आली. ही देणगी खोटी नव्हती. अनेक संस्थांना तिचा उपयोग झाला. पण हाती येते ते नांगरलेले रान. त्यात आपले पीक उभे करायला सल्लागार लागतो, आणि सल्लागार फुकट येत नाही. शिवाय २०२३ साली त्याच कंपनीने संस्थांसाठी नवीच मांडणी बाजारात आणली. जुन्यावरून नव्यावर जायचे तर बटण दाबून भागत नाही. पुन्हा बांधणी, पुन्हा नोंदींची वाहतूक, पुन्हा शिकणे. दुसऱ्या बाजूला सिव्हीसीआरएम नावाचे मुक्त सॉफ्टवेअर २००५ पासून आहे. त्याच्या परवान्याला पैसाच पडत नाही, कुणीही घ्यावे, बदलावे. घरी राखलेल्या बियाण्यासारखा हा प्रकार आमच्या मनाला जवळचा वाटतो. पण बियाणे राखायला घरात राखणारे माणूस लागते. सर्व्हर भाड्याने घेणे, दर थोड्या दिवसांनी दुरुस्त्या चढवणे, चोरदरवाजे बंद ठेवणे, हे आपल्यापैकी कोण करणार, ते अजून कुणी सांगितलेले नाही.

फरदडीची आठवण होते. शेवटचा वेचा झाला की पऱ्हाटी उपटायची, हे आम्ही सांगतो. पण जमिनीत ओल आहे, झाड हिरवे आहे, दोन मण कापूस फुकटात येईल, म्हणून ती उभी राहते. त्या फुकटच्या कापसात गुलाबी बोंडअळी सुखाने राहते आणि पुढच्या हंगामात वसूल करते. २०१७ साली आपण ते भोगले आहे.

ठराव थांबवल्यावर आम्ही नुसते बसलो नाही. शेतकी खात्यात नवे वाण आले की आधी प्रात्यक्षिकाचा प्लॉट टाकतात, तसे केले. एका तालुक्याची तीन पावतीपुस्तके, म्हणजे तीनशे पावत्या, कंपनीच्या नमुना सॉफ्टवेअरमध्ये भरून पाहायचे ठरवले. आमचे कार्यालय सांभाळणाऱ्या ताई आणि तो पुण्याचा मुलगा, दोघे बसले. चार दिवस लागले.

का लागले, ते सांगण्यासारखे आहे. पडद्यावर पहिली चौकट नावाची, दुसरी आडनावाची. आडनाव लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्या पावतीवर 'विठ्ठलची आई, ११ रुपये' असे लिहिले आहे. रामराव, रामभाऊ आणि आर. के. हे तीन माणसे आहेत की एकच, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ताईंना कळते, कारण त्या त्या गावच्या आहेत. शिंदे पहिल्या वेलांटीने लिहिले की एक माणूस, दुसऱ्या वेलांटीने लिहिले की दुसरा. शहराची चौकट आहे, गावाची नाही, तालुक्याची नाही. शहराच्या चौकटीत पिंपळगाव लिहिले, तर कोणते पिंपळगाव? पिन कोड टाकला तर तो चार कोसांवरच्या पोस्टाचा. तारीख अमेरिकी चालीची, महिना आधी. त्यामुळे ५ जूनची पावती ६ मे रोजी जाऊन बसली आणि त्या दिवसाची बेरीज जुळेना. ईमेलची चौकट तर तीनशेतल्या बहुतेकांची रिकामीच राहिली.

सगळ्यात मजा ज्वारीने केली. वस्तुरूपाने आलेल्या मदतीला चौकट आहे, पण ती रुपये मागते. दोन पायल्या ज्वारीचे रुपये किती? दिली त्या दिवशीच्या बाजार समितीच्या भावाने, की वाटली त्या दिवशीच्या? आणि बाजार समितीचा भाव हा ज्वारीचा खरा भाव, असे आपण कधीपासून मानू लागलो? ताईंनी दोन ठिकाणी फोन केले, शेवटी कंटाळून एक रुपया लिहिला. म्हणजे ज्या बाईने घरातल्या कणगीतून दोन पायल्या काढून दिल्या, ती कॉम्प्युटरच्या हिशेबात एक रुपयाची देणगीदार झाली. एका गावाने मिळून पहिल्या वेच्यातला कापूस दिला होता, घरटी पसाभर. त्या पावतीवर गावाचेच नाव आहे. गावाला आडनाव कुठून आणायचे?

दोष सॉफ्टवेअरचा, की आमच्या पुस्तकांचा? दोघांचाही. अशा चौकटी बदलून घेता येतात, हे तो मुलगा सांगतो आणि ते खरे आहे. बदलण्याचे पैसे पडतात, हेही खरे आहे. पण मजुरीचा हिशेब पाहा. कपाटात अशी एकशे साठ पुस्तके आहेत. तीन पुस्तकांना दोन माणसांचे चार दिवस, तर एकशे साठांना दोनशे दहाच्या वर. हात बसला की वेग दुप्पट होईल असे धरले, तरी दोन माणसांचे शंभर दिवस गेले. तेवढे दिवस ताईंनी पीक विम्याच्या तक्रारी लिहायच्या नाहीत, कर्जाच्या नोटिसांना उत्तरे द्यायची नाहीत, फोन उचलायचा नाही. आणि शिकून तयार झालेले माणूस उद्या नागपूरला नोकरीला गेले तर शिकवणी पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा स्वतःहून म्हणाला, "काका, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं." त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. विकणाऱ्याच्या लक्षात ते असते. तो बोलत नाही.

एवढे झाले एफएल. आता वरचा मजला, जमिनीचा खंड. आमच्या मते संघटनेची जमीन म्हणजे ही यादीच आहे. चाळीस-पन्नास खेड्यांत वणवण करून, उन्हातान्हात, एसटीच्या टपावर बसून ती कसली आहे. ती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवायची म्हणजे काय होऊ शकते, याचा दाखला अमेरिकेतच आहे.

ब्लॅकबॉड ही या धंद्यातली जुनी कंपनी. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, पुढे दक्षिण कॅरोलिना राज्यात गेली. विद्यापीठे, रुग्णालये, धर्मादाय संस्था यांच्या देणगीदारांच्या नोंदी ठेवणारे तिचे रेझर्स एज नावाचे सॉफ्टवेअर तिकडे घरोघरी माहीत आहे. जसजशी ती वाढली, तसतशा तिने बरोबरीच्या कंपन्या विकत घेतल्या. २०१२ साली कॉन्व्हिओ नावाची कंपनी घेतली. कॉन्व्हिओचे कॉमन ग्राउंड नावाचे एक सॉफ्टवेअर होते, त्यावर अनेक लहान संस्थांनी आपला संसार थाटला होता. नव्या मालकाला ते चालवायचे नव्हते. २०१४ साली ते बंद झाले. त्या संस्थांनी काही चूक केली नव्हती. पैसे वेळेवर भरले होते. तरी त्यांना सगळे गाठोडे बांधून दुसरीकडे जावे लागले. पुढे २०२३ च्या सुमारास कंपनीने करार नव्याने करताना दर चढवले आणि तीन-तीन वर्षांचे करार, त्यातच दरसालची वाढ, अशी रीत घातली. ज्यांची पंधरा-वीस वर्षांची यादी आत अडकली होती, ते कुठे जाणार? कापूस एकाधिकार योजनेत एकच फाटक होते आणि त्या फाटकाबाहेर आपल्या बंड्या रात्र-रात्र उभ्या राहत. ज्यांनी ते पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून द्यायला नको.

याहून वाईट २०२० साली घडले. त्या वर्षी फेब्रुवारीपासून मेपर्यंत चोर ब्लॅकबॉडच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेले होते आणि कंपनीला पत्ता नव्हता. कळल्यावर कंपनीने चोरांना खंडणी दिली, माल नष्ट केला असे त्यांनी सांगितले, त्यावर विश्वास ठेवला आणि जुलैत संस्थांना कळवले. बँक खात्यांची माहिती चोरांच्या हाती लागलेली नाही, असे तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरच्या अखेरीस कबूल केले की काही जणांच्या बाबतीत ती लागलेली असू शकते. १३,००० हून अधिक संस्थांच्या नोंदींचा हा मामला होता. मार्च २०२३ मध्ये तिथल्या रोखे नियामकाने दिशाभूल केल्याबद्दल ३० लाख डॉलरचा दंड घेतला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९ राज्ये आणि राजधानीचा प्रदेश यांच्याशी ४ कोटी ९५ लाख डॉलरला तडजोड झाली. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जे सांगितले ते आमच्या तरुण मित्रांनी दोनदा वाचावे: पूर्वी कधी ग्राहक होते आणि सोडून गेले, त्यांच्याही देणगीदारांची माहिती कंपनीने गरज संपल्यावर वर्षानुवर्षे तशीच ठेवली होती. म्हणजे खंडाने दिलेले शेत सोडवून घेतले तरी सातबारावर त्याचेच नाव!

ही कंपनी इतरांपेक्षा वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. कदाचित तिच्याकडे पहारा आपल्या कपाटाच्या कुलपापेक्षा पक्काच होता. पण आपले कपाट फोडायला चोराला आपल्या गावी यावे लागते, आणि फोडले तरी एका जिल्ह्याच्या पावत्या मिळतात. तिथे एक भिंत फोडली आणि तेरा हजार कपाटे उघडली.

फार लांब जायलाही नको. काही वर्षांपूर्वी याच कार्यालयात वर्गणीदारांची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम आम्ही शहरातल्या एका दुकानदाराकडून बसवून घेतला होता. कॉम्प्युटरच्या मागे एक किल्लीसारखी खुंटी लावावी लागे, तिच्याशिवाय तो उघडत नसे. दोन वर्षे बरे चालले. मग कॉम्प्युटर बदलला, नव्याने ती खुंटी ओळखली नाही, आणि दुकानदाराने तोवर दुकान बंद करून दुसरा धंदा धरला होता. वर्गणी भरलेली, माणसे जिवंत, यादी आत. आम्हीच त्या वर्षी छापील प्रतीवरून हाताने नावे उतरवून अंक पोस्टात टाकले. छापील प्रत निघाली, तीसुद्धा कुणीतरी मागे एकदा सहज काढून ठेवली होती म्हणून. तो व्यवहार ठरवणारे आम्हीच होतो, तेव्हा दोष दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

कायद्यासाठी सॉफ्टवेअर लागतेच, असे बैठकीत एकाने सांगितले. त्यात निम्मे तथ्य आहे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीच्या देणग्या घेणाऱ्या न्यासांना प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅनसारखा ओळख क्रमांक आणि रक्कम आयकर खात्याला कळवण्याचा नियम लागू झाला. पहिले विवरण ३१ मे २०२२ पर्यंत द्यायचे होते, उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क ठेवले होते. आपल्या न्यासालाही ते करावे लागते. पण करसवलत हवी कुणाला? ज्याला आयकर आहे त्याला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही (उत्पन्नच नाही, हा भाग निराळा), तेव्हा आपल्या बहुतेक देणाऱ्यांना त्या प्रमाणपत्राचा उपयोग शून्य. त्या तीनशे पावत्यांत सवलत मागणारे अकरा निघाले: शिक्षक, डॉक्टर, दोन व्यापारी, बाकी पुण्या-मुंबईची मुले. अकरा नावे वहीच्या एका पानावर मावतात.

परदेशातून पैसे पाठवणाऱ्या आपल्या मुलांचेही तसेच. भारतीय नागरिकाने तिकडच्या स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले की धरली जाते, आणि सरकारी परवानगीशिवाय ती घेता येत नाही. कुणाचा पासपोर्ट आता कोणत्या रंगाचा आहे, हे त्याच्या बापाला फोन करूनच कळते.

उलट एक कायदा या यंत्रामुळे मागे लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कागदावरची माहिती कॉम्प्युटरवर चढवली की ती या कायद्याच्या कक्षेत येते. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. आपल्याला कुणी एवढा दंड करणार नाही. पण जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची राहते; सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. आणि दंड सोडा, ही यादी निवडणुकीच्या तोंडावर कुणाला हवी असेल, कोणत्या गावात कोण संघटनेला पैसे देतो हे सावकाराला आणि पुढाऱ्याला कळले तर त्या माणसाचे काय होईल, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आमच्या मनातली खरी भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती या सॉफ्टवेअरच्या गुणातून येते, दोषातून नाही. ते माणसांची प्रतवारी फार छान करते. एक कळ दाबली की सर्वांत मोठ्या रकमा वर आणि लहान रकमा खाली. अमेरिकेत तर देणाऱ्याची मालमत्ता किती, तो आणखी किती देऊ शकेल, याचा अंदाज काढून देणारी सेवाही विकतात. त्या चार दिवसांत आम्ही ती कळ दाबून पाहिली. वर आले एक डॉक्टर आणि दोन व्यापारी. विठ्ठलची आई कुठेतरी तळाला, एक रुपयावाली तिच्याही खाली. साहजिकच वाटले, आधी वरच्या दहांना फोन करावा. वाटले, हे आम्ही लपवत नाही. वर्षभर हे असे चालले तर पुढच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत कोण बसेल आणि ठराव कुणाच्या तोंडाकडे पाहून लिहिले जातील? पंचवीस हजार घरांतून पाच-पाच रुपये आले की संघटना त्या घरांची बांधील राहते. पाच घरांतून तेवढेच आले तर हिशेबाची बेरीज तीच राहते, आणि आपण त्या पाचांचे होतो.

म्हणून बैठकीपुढे आमचे म्हणणे असे आहे. परदेशी सॉफ्टवेअरचा ठराव या वर्षी घेऊ नये. पावतीपुस्तकांचा सध्याचा गोंधळही तसाच चालू ठेवू नये. कार्यालयात जो कॉम्प्युटर आहे, त्यावर साधा तक्ता करावा: नाव, गाव, तालुका, काय दिले, कधी दिले, कुणाच्या हाती दिले. ज्वारी ज्वारीच्याच मापात लिहावी. जुनी एकशे साठ पुस्तके उपसत बसू नये, या दिवाळीपासूनच्या पावत्याच घ्याव्यात, तेही आधी एकाच तालुक्याच्या. दर महिन्याला त्याची छापील प्रत काढून कपाटात ठेवावी. उलंगवाडीनंतर ताईंनी सांगावे, किती दिवस गेले आणि काय सापडले. तो मुलगा महिन्यातून एक रविवार यायला तयार आहे. त्याचे एसटीचे भाडे खर्चात धरले आहे, त्याचा रविवारसुद्धा मजुरी लावून धरला आहे.

यातून खरेच कमी पडले आणि विकत घ्यायची वेळ आली, तर चार गोष्टी कागदावर घ्याव्यात: तीन वर्षांचा दर रुपयांत, पूर्ण यादी आपल्याला हवी तेव्हा, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी परत, करार सुटल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसल्याचे लेखी, आणि चोरी झाली तर किती दिवसांत कळवणार. विकणारा यातल्या कशाला नाही म्हणतो, हे पाहिले की अर्धा निर्णय होतो.

पावतीचा हिशेब गावात वाचून दाखवायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही, हे आम्हालाच उशिरा सुचले. तेव्हा प्रत्येक तालुकाप्रमुखाने आपल्याकडची सर्व पुस्तके, कोरी, भरलेली, अर्धवट आणि उंदरांनी खाल्लेलीसुद्धा, पुढच्या बैठकीला घेऊन यावे. सी-टूची पूर्ण बेरीज आम्ही फळ्यावर मांडू. ज्याला आकडा चुकीचा वाटेल त्याने उठून पुसावा. बैठकीच्या आधीच्या रविवारी आम्ही त्या म्हातारीच्या गावी जात आहोत. ज्वारी कोणकोणत्या घरी गेली, त्याची यादी ताईंनी हाताने लिहून दिली आहे, ती पारावर वाचू. ज्यांना सोबत यायचे आहे, त्यांनी सकाळच्या पहिल्या एसटीला फाट्यावर थांबावे.